वस्तरा पाजवायला शिकताना

वस्तरा केस कापायच्या ऐवजी ओढू लागला की नवशिक्याचा हात आधी आणखी बारीक दगडाकडे जातो. बारा हजार नंबरच्या दगडाने जमलं नाही, आता त्याच्याही वरचा घेऊन बघू (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). दोष सहसा तिथे नसतो. सगळ्यात खरखरीत, म्हणजे हजार नंबरच्या दगडावर काम अर्धवट सुटलेलं असतं आणि पुढचे सगळे दगड त्या अर्धवट कामावर झिलई चढवत बसतात. पातं आरशासारखं चकाकतं, गालावर मात्र तीच जळजळ. म्हणून या लेखात हजार नंबरला सगळ्यात जास्त जागा दिली आहे आणि पुढचे टप्पे भराभर घेतले आहेत. दगडासमोर बसल्यावरही वेळाची वाटणी साधारण अशीच पडते.

इथे सगळं बोलणं अखंड पोलादी पात्याच्या, मिटणाऱ्या वस्तऱ्याबद्दल आहे. ज्यात मोडलेलं अर्धं ब्लेड बसवतात त्या वस्तऱ्याला धार लावायची नसते, ब्लेड बदलायचं असतं.

कोन कोण सांभाळतं?

सुरीला धार लावताना कोन मनगटाने धरावा लागतो. वस्तऱ्यात ती सोय घडणीतच केलेली असते. पातं दगडावर आडवं ठेवलं की जाड पाठ आणि धार एकाच वेळी टेकतात, मधला खोलगट भाग अधांतरी राहतो. पाठ साधारण ५ मिलिमीटर जाड असेल आणि ती दगडाला टेकते तिथून धारेपर्यंत १७ मिलिमीटर अंतर असेल, तर धारेचा एकूण कोन जवळजवळ १७ अंश होतो. बहुतेक वस्तरे याच्या आसपास असतात. धार झिजते तशी पाठही थोडी थोडी झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं कोन फारसा बदलत नाही. यातून निघणारा नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: काम चालू असताना पाठ दगडावरून उचलायची नाही.

आणखी चार शब्द सुरुवातीलाच ठरवून घेऊ. पात्याचा मुठीकडचा शेवट ती टाच, दुसरा शेवट ते टोक. टाचेच्या मागचा, बोटांत धरायचा अरुंद दांडा ती मान. धारेच्या दोन्ही अंगांना एक बारीक चकचकीत पट्टी दिसते, तिला उतार म्हणू. दोन उतार जिथे एकमेकांना मिळतात ती रेघ म्हणजे धार. धार ही वेगळी वस्तू नाही, ती फक्त दोन उतारांची गाठ आहे. ते नीट मिळाले नसतील तर धार नाहीच, मग दगड कितीही महागाचा असो.

हातातला वस्तरा आधी तपासा

जुना वस्तरा असेल तर भिंगातून धार पाहा. वरवरचा गंज निघतो, पण धारेलगत काळे बारीक खड्डे असतील तर पोलाद आतून खाल्लेलं असतं, आणि धार लावता लावता तिथून कपचे निघत राहतात. पात्याला तडा असेल तर वस्तरा बाद. पाठीवर झिजेच्या सपाट पट्ट्या दिसतात. एका बाजूची पट्टी रुंद आणि दुसरीकडची अरुंद असेल तर आधीच्या माणसाने एका अंगावर जास्त दाब दिला आहे किंवा पातं किंचित पिळलेलं आहे. पिळलेल्या पात्यावर शिकायला बसू नका. पातं सपाट काचेवर ठेवून टोकाला हलकेच बोट लावा. डुगडुगलं तर बाजूला ठेवा.

काही वस्तऱ्यांना टाचेपाशी जाडसर खांदा असतो. तो दगडावर चढला की धार वर उचलली जाते आणि टाचेजवळचा भाग कितीही घासला तरी कोराच राहतो. अशा वस्तऱ्यात खांदा दगडाच्या कडेबाहेर ठेवूनच काम करायचं.

विजेवर फिरणाऱ्या चाकावर वस्तरा कधी धरू नका. धारेजवळ पोलाद कागदासारखं पातळ असतं, क्षणात तापतं, आणि निळसर झालं की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. त्यावर मग धार टिकत नाही.

दगड आणि बाकीचं सामान

चार दगड पुरतात: १०००, ४०००, ८००० आणि १२००० नंबरचे. जपानी मापाने हजारच्या दगडातले कण साधारण १४-१५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), चार हजारचे ३ च्या आसपास आणि आठ हजारचे एक-सव्वा मायक्रॉनचे असतात. प्रत्येक कंपनीचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून शक्यतो एकाच मालिकेतले दगड घ्यावेत. लांबी २० सेंटिमीटर आणि रुंदी ७ सेंटिमीटरच्या आसपास असली की हात मोकळा चालतो. शेवटच्या टप्प्यासाठी नैसर्गिक दगडही चालतात. बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगराळ भागातला पिवळसर कोटिक्युल त्यातला नावाजलेला, त्यात गार्नेटचे सूक्ष्म खडे असतात. पण एक नैसर्गिक दगड दुसऱ्यासारखा नसतो, त्यामुळे शिकताना कृत्रिम दगडच बरे. काही चुकलं तर दोष हाताचा की दगडाचा, हा घोळ तरी राहत नाही.

दगडांऐवजी जाड काचेवर ओली करून चिकटवायची घासफिल्म, म्हणजे घासणारे बारीक कण लावलेली पातळ फिल्मही मिळते. १२, ५, ३ आणि १ मायक्रॉन अशी उतरंड घेतली तर सुरुवात कमी खर्चात होते. काच मुळात सपाट असल्याने दगड सपाट करण्याची कटकट वाचते. मात्र फिल्मखाली धुळीचा एक कण अडकला तरी तिथे उंचवटा येतो आणि धारेला खाच पडते.

याखेरीज दहा ते वीस पट दाखवणारं भिंग, मार्कर पेन, वरून एकच प्रखर दिवा, दगडाखाली न सरकणारं ओलं फडकं आणि चामड्याचा पट्टा लागेल.

कृत्रिम पाण्याचे दगड वापरण्याआधी त्यांचा स्वभाव माहीत हवा. काही हजार नंबरचे दगड दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवावे लागतात, बुडबुडे थांबले की तयार. बारीक दगडांतले बरेचसे मात्र नुसतं पाणी शिंपडून वापरायचे असतात. ते तासन् तास भिजवले तर मऊ पडतात किंवा त्यांना तडे जातात. सोबतच्या कागदावर असेल तेच करा.

दगड सपाट करणं

नवा दगडही सपाट असेलच असं नाही. पेन्सिलीने त्यावर उभ्याआडव्या रेघा मारा आणि हिऱ्याच्या ३२५ किंवा ४०० नंबरच्या पाटीवर वाहत्या पाण्याखाली घासा. पाटी नसेल तर काचेवर पसरलेला ओला पॉलिश पेपर चालतो. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट. मधल्या रेघा शिल्लक असतील तर मध्ये खळगा आहे. खळग्यात वस्तऱ्याचं टोक आणि टाच जास्त घासली जातात, मधली धार कमी. दगडाच्या कडाही किंचित मारून घ्या. धारदार कडेवर पातं अडकलं की कपचा निघालाच.

पाठीवर टेप लावायची की नाही, यावर जाणकारांत वाद आहे. बिजलीच्या कामाची टेप पाठीवरून दोन्ही बाजूंना दुमडून लावली तर पाठ झिजत नाही, आणि वर दिलेल्या मापाच्या पात्याचा कोन सुमारे एका अंशाने वाढतो. सोनेरी नक्षीची पाठ असेल किंवा बरंच पोलाद काढायचं असेल तर लावावी, नाहीतर गरज नाही. लावली तर सगळ्या दगडांवर लावा आणि फाटली की बदला. मध्येच काढली तर कोन बदलतो, आणि पुढचा दगड धारेला न शिवता तिच्या मागच्या पोलादावर फिरत राहतो.

हजार नंबर

सुरुवात उलटीच आहे: असलेली धार मारून टाका. काचेच्या गुळगुळीत पेल्याच्या बुडावरून धार उभी धरून, नुसत्या पात्याच्या वजनाने, एकदाच ओढा. कानांना विचित्र वाटेल, पण यामागे हिशेब आहे. हातावरचे केस कापले जातात का, हीच या टप्प्याची मुख्य परीक्षा. जुन्या धारेचा उरलासुरला जोर शिल्लक असेल तर परीक्षा खोटी ठरते. धार पूर्ण मेलेली असली की नंतर जे कापलं जाईल ते या दगडाने केलेलं, यात शंका राहत नाही.

आता दोन्ही उतारांवर मार्करने टाचेपासून टोकापर्यंत शाई लावा. मान अंगठा आणि तर्जनी यांत धरा, मूठ सैल सोडा. पातं दगडाच्या जवळच्या टोकाला असं ठेवा की टाच दगडावर आणि धार तुमच्यापासून लांब, पुढच्या दिशेला. पुढे ढकलताना त्याच वेळी वस्तरा मुठीच्या बाजूला ओढत न्या, म्हणजे हात संपेल तेव्हा दगडावर फक्त टोक असेल. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा किंचित लांबच असतं, आणि या तिरक्या हातानेच प्रत्येक भागाला सारखं घर्षण मिळतं. शेवटाला पोहोचलात की पातं पाठीवर कुशी बदलल्यासारखं वळवा. पाठ दगडाला टेकलेलीच राहते, धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते. मग धार स्वतःकडे करून तसाच तिरका हात परत आणा. जाऊन-येऊन एक फेरा. धारेवरून कधी वळवायचं नाही. तसं एकदा झालं तरी धार मोडते.

दोन-तीन फेरे मारून शाई पाहा. शाई थेट धारेपर्यंत गेली असेल तर पातं नीट बसतंय. पाठीकडची गेली आणि धारेलगत बारीक काळी रेघ उरली असेल, तर दगड अजून धारेला पोहोचलाच नाही. नुसत्या टोकाशी किंवा टाचेशी काळं उरलं असेल तर तेवढा भाग दगडाला लागत नाही. तिरका हात लांबवा किंवा टाच किंचित पुढे ठेवून मारा. शाईची ही परीक्षा मिनिटभराची आहे आणि अंदाजाने मारलेले शंभर फेरे वाचवते.

पाणीही खूप काही सांगतं. दगडावर पाण्याचा पातळ थर ठेवा आणि दिव्याखाली धारेच्या पुढे बघा. धार दगडाला संपूर्ण टेकलेली असेल तर तिच्यापुढे पाण्याची बारीक लाट सरकत जाते, टाचेपासून टोकापर्यंत अखंड. एखाद्या ठिकाणी पाणी पुढे न ढकलता पात्याखालून निसटत असेल, तर बरोबर तिथेच धार दगडाला भिडत नाही. उतार जुळत आले की उलट पाणी धारेवरून पात्याच्या अंगावर चढू लागतं.

काढायचं पोलाद जास्त असेल तर आधी एका अंगावर वीस छोटी वर्तुळं, मग दुसऱ्या अंगावर वीस, असं करून शेवटी तिरके फेरे मारा. दाबाचा अंदाज येत नसेल तर दगड स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि दाबून बघा. सुरुवातीला दीडशे-दोनशे ग्रॅम ठीक, शेवटच्या दहा-पंधरा फेऱ्यांत फक्त पात्याचं वजन. पोकळ घासलेलं पातं जास्त दाबलं की लवतं. मग धार वर उचलली जाते, तिच्या मागचं पोलाद झिजतं, उतार रुंद होतो आणि धार तशीच बोथट राहते. काम होत नाही म्हणून माणूस आणखी दाबतो.

फेरे मोजून पुढच्या दगडावर जायचं नाही. नव्या पात्याला पन्नास पुरतील, पडून राहिलेल्याला तीनशेही लागतील. तीन गोष्टी बघा. दिव्याखाली धार डोळ्यासमोर सरळ धरा: जिथे पांढरी ठिणगी किंवा रेघ चमकते तिथे उतार मिळालेले नाहीत, कारण खऱ्या धारेवरून उजेड परत येत नाही. भिंगातून दोन्ही उतारांचे ओरखडे थेट काठापर्यंत गेलेले दिसायला हवेत. आणि हातावरचे केस त्वचेलगत कापले गेले पाहिजेत, टाचेने, मध्याने आणि टोकानेही. तिन्हींपैकी एक जागा नापास झाली तर पुढे जाऊ नका. बोट धारेच्या लांबीवरून फिरवून परीक्षा कधी करायची नाही. वस्तऱ्याने कापलेलं दुखत नाही, रक्त दिसल्यावरच कळतं.

खाच असेल तर तीही इथेच काढायची. खाचेच्या तळापर्यंत सगळी धार खाली यायला हवी, त्यामुळे वेळ लागतो. खाच असलेल्या जागीच घासत बसलात तर तिथे धार आत वळते, म्हणजे मध्ये खोल आणि दोन्ही बाजूंना पुढे. असं पातं गालावर दोन टोकांनीच लागतं.

बाकीचे दगड

चार हजारवर जाण्याआधी पातं, हात आणि टेपची कड धुऊन घ्या. हजारचा एक कण पुढच्या दगडावर गेला तर खोल ओरखडा पडतो आणि तो का पडला याचा शोध लागत नाही. इथलं काम एकच: हजारचे ओरखडे पुसून त्यांच्या जागी बारीक ओरखडे आणणं. निम्म्या दाबाने २५-३० फेरे, मग भिंग. एखाद-दुसरी जाड रेघ उतारावर उरली असेल तर आणखी दहा. जाड रेघा धारेपर्यंत पोहोचतात तिथे धार करवतीसारखी होते. गालाला जे टोचतं ते तेच.

आठ हजारवर पुन्हा २५-३० फेरे, बोटांचा दाब जवळजवळ काढून घेऊन. इथून वस्तरा दाढी करण्याजोगा होतो, थोडा कडक लागतो इतकंच.

बारा हजारवर घाई करायची नाही. १५-२० फेरे, पात्याच्या वजनाने, स्वच्छ पाण्यात. दगडावर साचलेला काळपट गाळ आधी धुऊन टाका, कारण त्यातले पोलादाचे कण धारेवर आदळतात. काम पूर्ण होत आलं की पातं दगडाला चिकटल्यासारखं वाटतं, किंचित ओढ लागते. इथे थांबा. आणखी शंभर फेरे मारल्याने धार आणखी चांगली होत नाही. अतिपातळ झालेला काठ तारेसारखा एका अंगाला कलतो, पहिल्या दाढीला अप्रतिम लागतो आणि गालावरच तुटतो. तसं झालं असेल तर भिंगातून काठ चिरफाळलेला दिसतो. मग पेल्याच्या बुडावरून एकदा अगदी अलगद ओढून आठ हजारवर परत या.

चामड्याचा पट्टा

पट्ट्यावर दिशा उलटी. दगडावर धार पुढे असते, चामड्यावर पाठ पुढे आणि धार मागे. हे विसरलात तर पट्टा फाटतो. पट्टा ताणून धरा. सैल पट्टा धारेभोवती गुंडाळला जातो आणि ती गोल करतो. कापडी बाजूवर ३० फेरे, मग चामड्यावर ५०-६०. वळण इथेही पाठीवरच, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय परतीचा हात सुरू करायचा नाही. नवशिके पट्टा कापतात ते नेमके याच क्षणी, कारण हात वेगात असतो. पहिले काही महिने सावकाश चाला आणि पहिला पट्टा साधाच घ्या, तो कापला जाणार आहे. छोटी चीर पडली तर बारीक पॉलिश पेपरने तिची कड बसवून टाका, नाहीतर पुढच्या प्रत्येक फेऱ्यात धार तिथे ठेचकाळते.

हिरवं क्रोमियम ऑक्साइड लावलेला वेगळा पट्टाही मिळतो, त्यातले कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे. बारा हजारनंतर पाच-दहा फेऱ्यांनी धार मऊ लागते. रोज वापरू नका. पट्टा लवचीक असतो, त्याने धार हळूहळू गोलावते.

लटकता केस धारेवर टेकवून कापला जातो का, ही परीक्षा दिसायला छान आहे. पण केसाची जाडी, तो धुतलेला आहे की नाही, मुळाकडून धरलाय की शेंड्याकडून, यावर निकाल बदलतो. एकाच माणसाचा धुतलेला केस, नेहमी मुळाकडून धरून वापरला तर तुलना करता येते. खरा निकाल गालच देतो.

पहिली दाढी आणि पुढची निगा

गरम पाण्याने दाढी मऊ करा, फेस भरपूर ठेवा, त्वचा ताणून धरा आणि पातं गालाशी साधारण ३० अंशांत ठेवून केसांच्या दिशेने चालवा. वस्तरा ओढत असेल तर दोष लावण्याआधी कोन कमी करून बघा, जास्त उभं धरलेलं चांगलं पातंही खरवडतं. त्या दिवशी सोपे भाग तेवढेच करा, दोन्ही गाल. हनुवटी आणि वरचा ओठ राहू द्या.

निकाल वाचता आला पाहिजे. सगळीकडे सारखं ओढत असेल तर उतार मिळालेले नाहीत, हजारवर परत. केस कापले जातात पण त्वचा जळते, तर बारा हजार कमी पडला किंवा धार अतिपातळ झाली. काठ भिंगातून बघा. ठरावीक एका जागेनेच ओढत असेल तर शाई लावून तीच जागा तपासा.

दाढी झाली की पातं धुऊन कोरडं पुसा, मुठीच्या सांध्यातलं पाणीही काढा, रोज वापरत नसाल तर तेलाचा हलका हात फिरवा. न्हाणीघरातल्या दमट हवेत उघडं ठेवू नका. धारेवरचा गंज डोळ्याला दिसण्याआधीच काम बिघडवतो. पट्ट्यावर पुढच्या दाढीच्या आधी मारा. वस्तरा दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका.

पट्ट्यानंतरही ओढ जाणवू लागली की बारा हजारवर दहा-पंधरा फेरे पुरतात. त्याने सुधारलं नाही तर आठ हजारवर वीस. कपचा निघाला असेल किंवा वस्तरा हातातून पडला असेल तरच हजारचा दगड भिजत घाला.